राम अर्जुनची भुतं

९ जानेवारी २०२५, गुरुवार

भूत 'काऊन' म्हणालं!

मागं नेऊन नेऊन ऐकलं. चूक नाही. 'पाणओढ'मध्ये विहिरीच्या काठावरची ती बाई रडणाऱ्या पोराला विचारते — "काऊन रडतं रे?" बाकी अख्खा सिनेमा पुस्तकी मराठीत. पाटील पुस्तकी, पुजारी पुस्तकी. मेलेली बाई तेवढी आमच्यासारखी वऱ्हाडी बोलते!

हा सिनेमा मला पाठ आहे म्हणून मी मिरवते, आणि हे आजवर ऐकलंच नव्हतं. टीव्हीवर पाहताना घरात मिक्सर, सासूबाईंचा फोन, सागरचं "आवाज कमी कर". आज जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या कमी होत्या. वजनकाट्याच्या केबिनमध्ये एकटीच होते. इअरफोन घालून मोबाइलवर लावला, आणि ऐकू आलं.

दिग्दर्शक राम अर्जुन पुण्या-मुंबईचा असेल असं मी धरूनच चालले होते. आडनाव लावत नाही. गाव सांगत नाही. मग हा शब्द त्याच्या भुताच्या तोंडी आला कुठून?

११ जानेवारी

ग्रुपवर टाकलं. 'राम अर्जुनचे चाहते' — ग्रुप पुण्याच्या समीक्षानं काढलेला. तिचं उत्तर लगेच आलं. अभिनेत्रीचा उच्चार घसरला असेल, राम सर भाषेबद्दल फार काटेकोर आहेत, असल्या गोष्टीत अर्थ शोधत बसू नये. खाली कुणीतरी लिहिलं, 'गावरान भूत', आणि हसणारे चेहरे.

राग आला. मग रागापेक्षा उत्सुकता जास्त झाली. माणूस काटेकोर आहे ना? मग काटेकोर माणसाकडून असं राहून जात नाही. तो ठेवतो.

ठरवलं — पाचही सिनेमे पुन्हा पाहायचे. मतं इथं लिहायची. इथं कुणी हसत नाही.

१२ जानेवारी, रविवार

'चिंचेखालची माणसं'. त्याचा पहिला. गरिबीत केलेला हे दिसतं — एकच घर, एकच चिंच, आणि मांत्रिकाची दाढी एका बाजूनं सुटलेली. तरी माझा सगळ्यात लाडका.

घरातली मेलेली आत्या रोज जेवायच्या वेळेला येऊन पंगतीत बसते. बस, एवढंच. सूड नाही, किंकाळ्या नाहीत. ताट पुढं ओढते आणि वाट पाहते. "तू मेलीस" हे तिला सांगायची कुणाची हिंमत नाही. सून वाढत वाढत तिच्यापाशी येते आणि हात थांबतो. वाढलं तर मान्य केल्यासारखं, नाही वाढलं तर अपमान. पळीतून वरणाचा एक थेंब खाली पडतो. मी त्या थेंबाला घाबरते! रक्ताच्या बादल्या ओतणाऱ्यांनी हे कधीतरी शिकावं.

उत्तरार्ध फसलाय. मांत्रिक आला की सगळे नुसते ओरडतात.

सागर म्हणतो, त्या भुताला पहिल्याच दिवशी जेवू घातलं असतं तर सिनेमा अर्ध्या तासात संपला असता. बरोबर आहे. पण माणसं वाढत नाहीत, हाच तर सिनेमा आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. सासूबाईंचं फर्मान — सणासुदीला घरात भुतं नकोत. पोळ्या केल्या. भुतं नाहीत.

१७ जानेवारी

'काजवेघर'. ग्रुपवर हा सगळ्यांचा पहिला नंबर. माझा नाही. हा भुताचा नव्हेच, परीकथा. एक मुलगी काजव्यांनी बांधलेल्या घरात राहायला जाते. ती खोटं बोलली की एक खोली विझते. कल्पना सोन्यासारखी! पण कॉम्प्युटरवर केलेले ते काजवे — लग्नातली लायटिंग वाटते. माहेरी अमडापूरला बांधावर काजवे यायचे. त्यात अंधारच जास्त असायचा, काजवे थोडे. म्हणून तर जीव अडकायचा.

शेवट मात्र कुणाला सुचला नसता. मुलगी अखेरीस खरं बोलते. आपल्याला वाटतं आता घर उजळणार. आणि अख्खं घर विझतं.

असं का केलं असेल त्यानं? लहान मुलांच्या सिनेमात?

२० जानेवारी

'उलटं गाव'. हा डोक्यानं सगळ्यात मोठा सिनेमा. एका गावात सगळ्यांचीच पावलं उलटी. तिथं सरळ पावलांचा एक मास्तर येतो, आणि गाव त्याला भूत समजून दारं लावून घेतं. अर्ध्या सिनेमानंतर आपणच आपल्या पावलांकडे पाहायला लागतो. मी पाहिली. सागरनंही पाहिली, मग "मी पाय खाजवत होतो" म्हणाला.

पण आज दुसरंच काहीतरी सापडलं. मास्तरला पहिल्यांदा ती उलट्या पावलांची बाई दिसते, त्याआधी शाळेच्या आवारात एक पांढरी चादर वाळत असते. वाऱ्यानं फुगते. बाई तिच्या मागून येते. उजेडही चादरीच्या मागून.

'चिंचेखालची माणसं'मध्ये आत्या येते त्याआधी — दोरीवर धोतर! मला आठवतंय. उद्या बघते.

२१ जानेवारी

आहे! सगळ्यांत आहे. 'पाणओढ'मध्ये विहिरीजवळ झाडाला बांधलेलं पांढरं कापड. 'काजवेघर'मध्ये मच्छरदाणी. अगदी 'मुका डोंगर'मध्येसुद्धा — आणि तो सिनेमा इतका कंटाळवाणा आहे की त्यात काही सापडेल असं वाटलं नव्हतं. (डोंगर मुका आहे हे समजायला दोन तास? चाहती आहे म्हणून आंधळी नाही.) तिथं दवाखान्याचा पडदा.

प्रत्येक वेळी पांढरं कापड, मागून उजेड, आणि मग ती बाई. आणि एकही भूत कुणाला मारत नाही. येतात, थोडं थांबतात, निघून जातात. निघून जाताना पाहणारं एक लहान पोर असतंच.

कफन म्हणावं तर कफनामागून कुणी उजेड लावत नाही.

२३ जानेवारी

एक जुनी मुलाखत सापडली. कुठल्याशा कॉलेजात घेतलेली, आवाज खराब. तुम्हाला भुतांची आवड कशी लागली, असं एक मुलगी विचारते. तो मोकळेपणानं हसतो. म्हणतो, मी पाच वर्षांचा असताना माझ्या आईला जखिणीनं नेलं, असं आमच्या गावात सांगतात. सगळे हसतात. तोही हसतो. पुढचा प्रश्न.

कुणी विचारलं कसं नाही की मग आईचं काय झालं?

मी ती एवढीच ओळ पुन्हा ऐकली. 'जखीण' म्हणताना त्याचा ण थोडा न होतो. आमचा होतो तसा.

२५ जानेवारी

गाव मिळालं. आणि ते माझ्या नाकासमोर होतं!

नागसेनदादा जिनिंगमध्ये फिटर आहेत, रोज वडनेर भोलजीहून येतात. डबा खाताना सहज विचारलं, तुमच्याकडे कधी कुणा बाईला जखिणीनं नेल्याचं ऐकलंय का. ते म्हणाले, हाव, आमच्याच गावात, अर्जुनरावाच्या बायकोले. त्याचा पोरगा मुंबईले पिक्चर काढते ना, राम. बहीण अजून तिथंच राहते, शालूबाई. भाजीपाला लावतात.

राम. अर्जुनरावचा राम. आडनावाच्या जागी बापाचं नाव!

मी डबा तसाच झाकला. मलकापूरहून वडनेर किती लांब? दर आठवड्याला बसमधून तिथून जाते मी.

२६ जानेवारी, रविवार

जिनिंगमध्ये झेंडावंदन झालं आणि तशीच बस धरली.

शालूबाई दारातच भेटल्या. पंचावन्नच्या आसपास असतील, उंच, कमरेत किंचित वाकलेल्या. त्यांचे मालक उत्तमराव मेथीच्या जुड्या बांधत होते. मी कोण, कशाला आले, हे सांगताना माझीच जीभ अडखळली. तुमच्या भावाच्या भुतांवर माझं प्रेम आहे, हे कसं सांगायचं?

त्यांनी चहा केला. आई गेल्यावर रामला त्यांनीच वाढवलं. तेव्हा त्या बारा वर्षांच्या. लग्न झालं तरी वडलांजवळ आणि भावाजवळ कुणी नाही म्हणून उत्तमरावच इकडं राहायला आले. राम दर रविवारी फोन करतो. गावात मात्र कधीमधीच येतो.

मी विचारलं, त्याचा कोणता सिनेमा आवडतो. त्या म्हणाल्या, एकही पाहिला नाही. भीती वाटते म्हणून. पण त्यांचं तोंड भीती वाटणाऱ्या माणसाचं नव्हतं.

निघताना म्हणाल्या, मावशी म्हण मले. आणि पुन्हा ये.

२ फेब्रुवारी, रविवार

आजचं सगळं नीट लिहून ठेवते. एकही शब्द इकडचा तिकडं व्हायला नको.

शालूमावशींनी आपणहून म्हटलं — दाखव, त्यानं काय केलं ते पाहू. ओसरीत बसून मोबाइलवर 'चिंचेखालची माणसं' लावला. शेजारी गव्हाची परात ठेवलेली, निवडता निवडता त्या पाहत होत्या. चिंच दिसली तेव्हा म्हणाल्या, ही आपल्या नाल्यावरची नाही, पण तशीच आहे. मग दोरीवरचं धोतर आलं, मागून उजेड आला. त्यांचा हात गव्हात तसाच राहिला.

"थांबव."

मी थांबवलं.

"हे धोतर नोहे. हा तंबूतला पडदा हाय."

मग त्यांनी सांगितलं. मध्ये मध्ये थांबून, परातीकडे पाहत.

त्या काळी गावच्या जत्रेत तंबू टॉकीज यायची. कापडी तंबू, मधोमध पांढरा पडदा, बाया एका बाजूला, गडी एका बाजूला. त्यांच्या आईला सिनेमाचं वेड, त्यातही भुताच्या सिनेमाचं. सगळ्या बाया डोळ्यांवर पदर घ्यायच्या, ही खो खो हसायची. घरी हसायची सोय नव्हती. अर्जुनराव हात उचलणारे नव्हते, पण बायको मोठ्यानं हसली की दोन-दोन दिवस तिच्याशी बोलायचे नाहीत. हसणं त्यांना घरंदाज वाटायचं नाही. मग ती घरात हसायचीच बंद झाली. वर्षातून एकदा, त्या तंबूतल्या अंधारात तेवढी हसायची.

त्या वर्षी जत्रा उठली. तंबूवाले सामान आवरत होते. सकाळची वेळ. आई घरात दिसली नाही म्हणून शालूमावशी शोधत तिकडं गेल्या.

"माय अन् तंबूतला पिक्चरचा मशीनवाला पडद्याची घडी करून राह्यले होते. लुगड्याची करतात तशी. दोन टोकं तिच्याजवळ, दोन त्याच्याजवळ. जवळ येत, टोकं जुळवत, पुन्हा मागं सरत. कोनी काही बोलत नव्हतं. मले तवाच समजलं."

आईनं त्यांना पाहिलं. जवळ आली. डोक्यावर हात ठेवला, म्हणाली रामकडं पाह्य. आणि ट्रकमध्ये बसली. खांडव्याकडचा ट्रक होता.

मागं रामही आला होता म्हणे, बहिणीच्या मागं मागं. त्यानं फक्त पडदा पाहिला आणि पडद्यामागं जाणारी आई. घरी अर्जुनरावांनी चारचौघांत सांगितलं, चिंचेवरच्या जखिणीनं नेली. गावानं ते धरून ठेवलं. खरं ज्यांना माहीत होतं ते अर्जुनरावांपुढं गप्प राहिले.

मी विचारलं, मग तुम्ही रामला का नाही सांगितलं? मोठा झाल्यावर तरी?

"जखिणीनं नेली म्हटलं तं पोरं त्याले भेत. पळून गेली म्हटलं असतं तं चिडवत. मी म्हटलं, भेऊ द्या. मंग तेच रोज सांगत गेली. इतकं सांगतलं, का आता माघारी कसं घेऊ?"

सिनेमा पुढं पाहिला नाही. मेथीची जुडी देऊन त्यांनी मला बसपर्यंत सोडलं.

३ फेब्रुवारी

रात्रभर तेच डोक्यात. आता सगळं जुळतं! तो पाच सिनेमांतून आईलाच शोधतोय. पडदा आठवतो, पण तो पडदा आहे हे त्याला माहीत नाही. म्हणून कधी धोतर, कधी चादर, कधी मच्छरदाणी. म्हणून त्याची भुतं मारत नाहीत, निघून जातात. म्हणून भूत वऱ्हाडी बोलतं.

राम अर्जुनबद्दल हे जगात मला एकटीला माहीत आहे. समीक्षाला नाही. खुद्द राम अर्जुनलाही नाही.

ग्रुप उघडला. लिहायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्या आणि शालूमावशींचा गव्हातला हात आठवला. खोडलं.

१२ फेब्रुवारी

घोषणा झाली! पुढचा सिनेमा जखिणीवर. नाव ठरायचंय. राम अर्जुन म्हणतो, ही माझ्या आईची गोष्ट आहे, मी ती माझ्या स्वतःच्या गावात चित्रित करणार आहे. मार्चमध्ये जागा पाहायला येतो.

ग्रुपवर नुसता दंगा. समीक्षा लिहिते, 'सरांचं गाव कोणतं असेल?'

मी काहीच लिहिलं नाही. हात शिवशिवत होते!

१६ फेब्रुवारी, रविवार

शालूमावशींनी निरोप धाडून बोलावलं. चेहरा उतरलेला. राम येणार, चार दिवस गावात फिरणार, म्हाताऱ्यांना जखिणीबद्दल विचारणार. खरं माहीत असलेले दोघं-तिघं अजून आहेत. अर्जुनराव आता नाहीत, गप्प बसायचं कारण उरलं नाही. कुणीतरी पानटपरीवर हसत हसत सांगून टाकील. ते त्याच्या कानावर तसं पडायला नको.

"तू शिकेल हायेस. त्याचे पिक्चर तुले समजतात. सांगू का त्याले?"

मी म्हणाले, सांगू नका.

म्हाताऱ्यांना उत्तमरावांनी आधीच समजावून ठेवावं, असं सुचवलं. इतक्या वर्षांनी त्याच्या मनाला कशाला धक्का, असंही म्हणाले. चांगलं, शहाण्यासारखं बोलले. मावशींनी मान हलवली.

परत येताना बसमध्ये कळलं की मी त्याच्या मनाचा विचार केलाच नव्हता. माझ्या मनात एकच होतं. हा त्याचा सगळ्यात मोठा सिनेमा होणार आहे. त्याला खरं कळलं, तर होणार नाही.

१८ फेब्रुवारी

सागरला सगळं सांगितलं. तो तोंडात ब्रश धरून ऐकत होता. चूळ भरली आणि म्हणाला, "म्हणजे तुझा पिक्चर चांगला व्हावा म्हणून त्यानं येडं राहावं?"

त्याला सिनेमातलं काही कळत नाही. पण हे कळलं.

१९ फेब्रुवारी

तरी वाटतं — न कळण्यातूनच तर ते सिनेमे आले. विहीर बुजवून पाणी कसं मागायचं?

आणि हेही वाटतं की, विहिरीत माणूस पडलेला आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

गेले. मावशींना म्हणाले, मी चुकीचं सांगितलं होतं. माझ्या हौसेपायी सांगितलं. तुम्ही त्याला सांगा.

मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, मलेही समजलं होतं, तू पिक्चरचीच बाजू घेऊन राह्यली म्हणून. मग हसल्या. मोठ्यानं नाही. तोंडावर पदर धरून.

तो आला की मी हजर असावं, असं त्यांनी सांगून ठेवलंय. एकटीच्यानं सांगवणार नाही म्हणतात.

१ मार्च

उद्या. काय नेसू? त्याला काय विचारू? सागर म्हणतो, तू त्याला पाहायला चालली आहेस का पोरगा पसंत करायला.

२ मार्च, रविवार

राम अर्जुन बुटका आहे! फोटोत उंच वाटतो. जेवतो भराभर, बोलतो त्याहून भराभर, आणि बहिणीच्या घरात शिरल्यावर दोन मिनिटांत मुंबईचं मराठी गळून पडतं. "ताई, भाकर थंडी काऊन केली?" मी तिथंच मनातल्या मनात पुण्याकडे पाहून हात जोडले.

मावशींनी ओळख करून दिली. मी धीर करून त्या 'काऊन'बद्दल विचारलंच. तो खूश झाला. म्हणाला, आजवर हे कुणी पकडलं नव्हतं. आवाज भरताना सगळे मागं लागले होते, बदला म्हणून. त्यानं नाही बदलला. भुतानं घरच्यासारखं बोलावं की नाही, असं मलाच विचारलं. आणि हसला — घर भरून जाईल एवढ्यानं.

मग ओसरीत हरभऱ्याचे घाटे सोलायला बसलो. उत्तमराव मुद्दाम वावरात निघून गेले होते. तो जखिणीच्या सिनेमाबद्दल सांगायला लागला. नाल्यावरची चिंच कुठून धरायची, आई कशी दिसायला हवी. मावशींनी हातातला घाटा खाली ठेवला.

"राम, मायले जखिणीनं नाही नेलं. ती तंबूवाल्यासंगं गेली. मी पाह्यलं."

एवढंच. बाकी सगळं, पडद्याची घडी, डोक्यावरचा हात, खांडव्याचा ट्रक, हळूहळू सांगितलं. मी खाली पाहत सोलत राहिले. एक दाणा नखात घुसला तरी थांबले नाही.

तो रडला नाही. ओरडला नाही. ती कोणत्या माणसाबरोबर गेली, कुठं गेली, जिवंत आहे का — यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. बहिणीकडे पाहत राहिला, आणि त्यानं विचारलेला प्रश्न मला अजून समजत नाही.

"तुले कवापासून माहीत हाय?"

"तवापासूनच."

"म्हंजे बारा वर्साची होती तवापासून? इतके वर्सं एकटीच?"

मावशींनी मान हलवली. तो उठला, अंगणात जाऊन उभा राहिला. पाठमोरा. मला वाटलं, गेला सिनेमा. खरं सांगते, तेव्हाही पहिल्यांदा तेच वाटलं.

परत आला तेव्हा डोळे लाल होते. चिंच पाहायला गेला नाही. मला मुंबईला जावं लागेल म्हणाला, आजच, दोन दिवसांत फोन करतो. बहिणीच्या पायाशी वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. त्याच्या गाडीनं मला मलकापूरपर्यंत सोडलं.  

आम्ही निघालो तेव्हा मावशी दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा एखादं ओझं उतरलेल्या माणसाचा असेल असं मला वाटलं होतं. तसा नव्हता. पोर हातातून निसटलेल्या माणसाचा होता.

३ मार्च

फोन नाही. मावशींना नाही, मला कशाला येईल?

ग्रुपवर कुणीतरी विचारलंय, सिनेमाचं काय झालं. मला वाटतं मीच तो मारला. आणि तरी पुन्हा पुन्हा तेच वाटतं — त्यानं आईबद्दल विचारलं कसं नाही?

४ मार्च, मंगळवार

काट्यावर होते तेव्हा शालूमावशींचा फोन. रामचा फोन येऊन गेला होता.

त्याला माहीत होतं. कॉलेजात असतानाच गावातल्या कुणाकडून तरी ऐकून त्यानं खांडव्याला जाऊन आईला शोधून काढलं होतं. मशीनवाला वारल्यापासून आई रामजवळच राहते, मुंबईला. प्रत्येक सिनेमा सगळ्यात आधी तीच पाहते. खो खो हसते म्हणे. तिला भुतं आवडतात म्हणूनच तो ती करतो. आणि जखिणीची गोष्ट त्यानं इतकी वर्षं सांभाळली ती ताईसाठी, ताईला खरं कळू नये म्हणून. जाताना शालूनं पाहिलं होतं हे आईनं त्याला कधी सांगितलं नाही, आणि शालूपुढं यायची हिंमतही तिला झाली नाही.

माझं एकही मत खरं निघालं नाही.

एवढं सांगून त्यानं फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला, मावशी म्हणाल्या. काट्यावर कापसाची गाडी येऊन उभी राहिली होती. मी ड्रायव्हरला हातानंच थांबवलं.

"काय म्हणाल्या त्या?"

"म्हने, शालू, जेवली का वं?"

"मग तुम्ही?"

"म्हटलं, अजून नाई."